तुळईच्या अंगानं

अन्वर मिस्त्रीनं फरशीवर पालथी मूठ ठोकली,
कान देऊन ऐकलं,
म्हणाला, मधोमध नको. तुळईच्या अंगानं ठेवा.
मग विचारलं, वजन किती भरेल?

वजन. मला विचारलं.
बावीस वर्षं सांगलीच्या मार्केट यार्डात
हळदीचा तोलार आहे मी.
पाच फूट लांब, दोन रुंद, दोन उंच,
पाणी पाचशे लिटर, काच, दगड, खालचा लोखंडी घोडा:
काटा सात क्विंटलवर.
चौदा पोती हळद, म्हटलं,
दहा बाय अकराच्या खोलीत.
शिवाय माणसं तीन.
मिस्त्री हसला नाही.
माणसं हलती असतात, म्हणाला,
त्यांचं एवढं काही नाही.

पलंग विकला. कपाट मेव्हण्याकडं.
वैजयंताचं शिलाई मशीन दाराआड गेलं,
पिको करताना तिचं कोपर कडीला लागतं.
पोरगा घोड्याशेजारी झोपतो, डोकं पंपाकडं.
म्हणतो, समुद्र घोरतो.

नळाचं पाणी चालत नाही.
फिल्टरचं हवं, थेंबाथेंबानं, रात्र रात्र,
आणि एका हंड्यामागं तीन हंडे वाया.
त्या वायात आमचं धुणं, फरशी,
खालच्या बाईंची जास्वंद.
मग मीठ. लिटरला छत्तीस ग्रॅम, अठरा किलो.
हळदीत मूठभर इकडंतिकडं झालं
तर माणूस नजरेनं सोडून देतो.
समुद्र सोडत नाही.

मी तो एकदाच पाहिलाय, रत्नागिरीला,
चुलत्याच्या सोयरिकीला गेलो तेव्हा.
पाय बुडवायचे राहिले, गाडी सुटत होती.

चाळीस दिवस मासा नाही.
दगडांवर न दिसणारं काहीतरी आधी रुजू द्यायचं असतं.
शेजारचे उपाध्ये येऊन खुर्चीवर बसायचे,
बराच वेळ बघायचे.
छान आहे. काय आहे?

तिसऱ्या आठवड्यात दगडांवर तपकिरी साय चढली.
चांगलं लक्षण, मी सांगितलं.
वैजयंता त्या रंगाकडं बघत राहिली.
गावभागातल्या आमच्या जुन्या घरात
भिंतीवर तो अजून आहे,
कृष्णेनं ओढलेला,
फ्रिजच्या वर हातभर.

आणि एका रात्री पाइपाचा सांधा निखळला.
दोन वाजले असतील.
मी जागा झालो तेव्हा ती उठलेली,
दिवा न लावता,
पिठाचा डबा माळ्यावर,
रेशनकार्डाची पिशवी माळ्यावर,
पोराची पुस्तकं,
एक शब्द नाही,
दुसऱ्या मजल्यावर, घोटाही न बुडणाऱ्या पाण्यात.
मी म्हणत होतो, अगं टाकीचं आहे, टाकीचं.
तिला ऐकू जात नव्हतं.
मग वाकली. बोट बुडवलं. जिभेला लावलं.

खारट, म्हणाली.

आणि बसली तिथंच, ओल्यात,
पदर तोंडाशी.
हसली की काय, अंधारात कळलं नाही.

सांधा बदलला. डबा चार दिवस माळ्यावरच होता.

टाकीतलं पाणी रोज थोडं उडतं, मीठ उडत नाही.
म्हणून काचेवर निळ्या टेपची रेघ आहे:
जेवढं उतरेल तेवढं गोडं पाणी घालायचं.
ते काम तिनं मागून घेतलं.
सकाळी तांब्या घेऊन उभी राहते,
मान तिरकी, एक डोळा बारीक,
रेघेच्या वर थेंब जाऊ देत नाही.
यार्डात असती तर मला कुणी ठेवलं नसतं.

मासे आता दोन आहेत,
कोल्हापूरहून एस.टी.त, मांडीवर पिशवी धरून आणलेले.
कामावरून आलो की कोपरापर्यंत हात धुतो, साबण न लावता,
तरी नखांत पिवळं राहतंच.
हात आत घातला की धाकटा
नेमका त्या नखाशी येतो, टोचून बघतो.

मी हलत नाही.